शेक, शिसे आणि अंडाशय : उशिरा विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचा इतिहास

रमजानचे शेवटचे दिवस होते. तरावीह आटोपून घरी आले आणि मावसबहिणीचा फोन आला. तिच्या तेवीस वर्षांच्या मुलीला गुदाशयाचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशनच्या आधी पाच आठवडे शेक द्यायचा, म्हणजे रेडिएशन, असे ठरले होते. बहीण बराच वेळ रडली आणि मग हळू आवाजात म्हणाली, “बाजी, रांगेत एक बाई भेटली. ती म्हणते, शेक घेतल्यावर पाळी कायमची जाते. खरंय का? तिचं अजून लग्न व्हायचंय.”

मी विचारले, “डॉक्टरांना विचारलंस?”

“असं कसं विचारायचं? तिचे अब्बा सोबत होते.”

रांगेतल्या बाईचे म्हणणे खरे होते. पण त्यावर एक उपाय आहे आणि तो साठ वर्षांहून जुना आहे, हे त्या बाईला माहीत नव्हते, माझ्या बहिणीला नव्हते आणि त्या रात्रीपर्यंत मलाही नव्हते. पुढचे काही दिवस मी हाच इतिहास वाचत होते. तो साधा नाही. अंडाशय किरणांनी मरते हे डॉक्टरांना फार लवकर कळले होते. ते वाचवायला हवे, हे सुचायला मात्र अर्धे शतक गेले. मधल्या काळात त्या ज्ञानाचे काय काय झाले, ते सांगण्यासाठी हा लेख.

ससे, गिनीपिग आणि एक हात

विल्हेल्म रोंटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला तो ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. काही महिन्यांतच युरोप-अमेरिकेतले डॉक्टर हे किरण गाठींवर मारून पाहू लागले. किती मारायचे, कुठवर मारायचे, याचा कुणालाच पत्ता नव्हता. डॉक्टर स्वतःचाच हात यंत्रासमोर धरून किरण किती जोरात आहेत ते तपासत.

१९०३ मध्ये हॅम्बुर्गच्या हाइनरिख अल्बर्स-श्योनबर्गने नर ससे आणि गिनीपिग यांच्यावर प्रयोग केले. प्राणी वरून ठणठणीत दिसत, मादीशी संगही करत, पण पिल्ले होत नसत. कातडीला जखम नाही, दुखणे नाही आणि आतून वंशच खुंटलेला. दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, लुडविग हालबरस्टेटरने मादी सशांवर तेच करून पाहिले. किरण दिलेली अंडाशये आक्रसली होती आणि बीजे ज्या पुटिकांत वाढतात त्या नाहीशा झाल्या होत्या. या विषयाची सुरुवात तिथे झाली.

अल्बर्स-श्योनबर्गची किंमत त्याच्या स्वतःच्या शरीराने चुकवली. किरणांमुळे झालेल्या कॅन्सरपायी त्याचा डावा हात कापावा लागला आणि १९२१ मध्ये तो गेला. किरणांनी मेलेल्या डॉक्टर-तंत्रज्ञांचे एक स्मारक १९३६ मध्ये हॅम्बुर्गला उभे राहिले, त्यावर त्याचेही नाव आहे. हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी जर्मनीत आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे पुढे येते.

अंडाशय इतके नाजूक का? १९०६ मध्ये बर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी नियम मांडला की ज्या पेशी भराभर विभागतात त्या किरणांनी लवकर मरतात. कॅन्सरवर किरण चालतात ते याच तत्त्वाने. पण स्त्रीबीज हा या नियमाला मोठा अपवाद आहे. ते विभागत नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजे तयार होतात आणि मग वर्षानुवर्षे गप्प पडून राहतात. तरीही किरणांपुढे ती सर्वांत आधी मरणाऱ्या पेशींमध्ये मोडतात. जन्मावेळी साधारण दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत काही लाख उरतात आणि नवी तयार होत नाहीत. सॉली झुकरमनने १९५१ मध्ये जुना-नवा सगळा पुरावा एकत्र मांडून ही शेवटची गोष्ट पक्की केली. पुरुषाचे तसे नाही. त्याच्या शरीरात शुक्रजंतूंचा कारखाना चालू असतो, थोडे किरण लागले तर तो बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. बाईकडे कारखाना नाही, फक्त कोठार आहे. जळाले ते गेले.

दोषाचा गुण आणि गुणाचे हत्यार

हालबरस्टेटरचा शोध वाचून कुणालाही वाटेल की डॉक्टर आता अंडाशय किरणांपासून झाकायला लागले असतील. झाले उलटे. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञांना त्यात उपचार दिसला. गर्भाशयात गाठी असलेल्या, महिनोन्‌महिने रक्तस्राव होणाऱ्या बायकांची अंडाशये किरणांनी बंद पाडली की पाळी थांबते आणि गाठी सुकतात. फ्रायबुर्गमध्ये क्र्योनिग आणि गाउस यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. जर्मन भाषेत तिला सरळ ‘रोंटगेन-खच्चीकरण’ म्हणत.

आज हे ऐकून अंगावर काटा येतो, पण त्या डॉक्टरांवर लगेच दात-ओठ खाऊ नयेत. तेव्हा अँटिबायोटिक नव्हते, रक्त चढवण्याची सोय नीट नव्हती, पोट उघडणे म्हणजे जिवाशी खेळ होता. चाळिशीतल्या, रक्तस्रावाने पांढऱ्याफटक पडलेल्या बाईला रक्त न सांडता बरे करणारी पद्धत वरदानच वाटली असणार. स्तनाच्या कॅन्सरमध्येही अंडाशये किरणांनी बंद करण्याचा उपचार अनेक दशके चालला, कारण अंडाशय काढले की काही जणींची गाठ आक्रसते हे ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनने १८९६ मध्येच दाखवले होते. आणि गंमत पाहा, न्यूयॉर्कमध्ये आयरा कॅप्लन नावाचे डॉक्टर मूल न होणाऱ्या बायकांच्या अंडाशयांवर थोडे थोडे किरण सोडून ती ‘जागी’ करण्याचा उपचार करत होते आणि तो १९५० च्या दशकापर्यंत चालला. म्हणजे अंडाशय बंद करायलाही किरण आणि चालू करायलाही किरण. ते झाकून ठेवावे, असे मात्र कुणी म्हणत नव्हते.

मग हे ज्ञान राज्यसत्तेच्या हाती गेले. जुलै १९३३ मध्ये नाझी सरकारने ‘आनुवंशिक रोगी’ ठरवलेल्या लोकांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याखाली सुमारे चार लाख लोकांची प्रजननशक्ती हिरावली गेली. बहुतेकांवर शस्त्रक्रिया झाल्या, पण १९३६ मध्ये स्त्रियांसाठी किरणांच्या पद्धतीलाही कायद्याने मान्यता दिली. एकीकडे किरणांनी मेलेल्यांचे स्मारक, दुसरीकडे किरणांनी वंश खुडण्याचा कायदा, एकाच देशात, एकाच वर्षी.

१९४१ आणि १९४२ मध्ये व्हिक्टर ब्राक या नाझी अधिकाऱ्याने हिमलरला पत्रे लिहून एक योजना सुचवली. माणसाला खिडकीसमोर उभे करायचे, फॉर्म भरायला लावायचा आणि त्या दोन-तीन मिनिटांत आड लपवलेल्या यंत्रातून किरण सोडायचे. त्याला कळणारही नाही. खिडकीची योजना तशी अमलात आली नाही, पण ऑशविट्झमध्ये होर्स्ट शुमान या डॉक्टरने ज्यू स्त्री-पुरुषांवर किरणांचे प्रयोग केले. भाजलेल्या, जखमा चिघळलेल्या तरुण मुलींची अंडाशये नंतर कापून काढून किरणांचा परिणाम किती झाला ते तपासले गेले. ब्राकला १९४८ मध्ये फाशी झाली. शुमान आफ्रिकेत पळाला, सुदान आणि घानात डॉक्टर म्हणून राहिला. पुढे त्याला पकडून जर्मनीत आणले, खटला सुरू झाला, प्रकृतीच्या कारणाने थांबला आणि १९८३ मध्ये तो मोकळा माणूस म्हणून मेला. सशांवर हा शोध लावणारा हालबरस्टेटर स्वतः ज्यू होता. १९३३ मध्ये त्याला बर्लिन सोडावे लागले. तो जेरुसलेमला गेला आणि तिथे कॅन्सरच्या रुग्णांवर किरणोपचार करत राहिला.

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिला आहे. फॉर्म भरणाऱ्याला कळू नये, यातच ब्राकच्या योजनेची सारी करामत होती. इस्पितळातल्या उपचाराची त्याच्याशी तुलना करणे अन्यायाचे होईल, तिथे हेतू जीव वाचवण्याचा असतो. पण बाईला तिच्याच शरीरात काय घडणार आहे ते न सांगणे, ही सवय मात्र आपल्याला चांगलीच ओळखीची आहे.

टाके घालून हलवलेले अंडाशय

वाचवण्याचा विचार सुरू झाला तो १९५० च्या दशकात. तोवर उशीर का झाला, याचे एक सरळ कारण आहे. रुग्ण जगत नव्हते. जी सहा महिन्यांत जाणार आहे तिच्या चाळिशीचा विचार कोण करणार?

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिल्टन मॅकॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तरुण रुग्णांबद्दल एक लेख प्रसिद्ध केला. गर्भाशय काढताना अंडाशयेही काढून टाकण्याचा रिवाज होता. त्यांनी ती ठेवली आणि जागेवरून हलवून वर, बाजूला नेऊन टाके घातले. नंतर शेक द्यायची वेळ आली तर अंडाशय त्या वाटेत नको, एवढाच विचार.

हे शक्य होते ते शरीराच्या एका जुन्या खुणेमुळे. गर्भात अंडाशये तयार होतात ती वर, मूत्रपिंडांच्या शेजारी, आणि मग खाली ओटीपोटात उतरतात. उतरताना रक्तवाहिनी सोबत घेऊन येतात. म्हणून अंडाशयाची धमनी ओटीपोटातून येत नाही, ती थेट वरच्या महाधमनीतून, मूत्रपिंडांच्या पातळीच्या जवळून निघते. गर्भाशयाकडची बाजू सोडवली की अंडाशय या लांब देठावर पुन्हा वर नेता येते. सर्जन त्याला त्याच्या जुन्या घराकडेच परत नेतो, म्हणा ना. जागा नंतर एक्स-रेमध्ये कळावी म्हणून तिथे धातूच्या बारीक क्लिपा लावतात.

दुसरी वाट निघाली हॉजकिनच्या आजारातून. हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर बरेचदा विशी-पंचविशीत गाठतो. १९५० मध्ये टोरांटोच्या व्हेरा पीटर्स यांनी दाखवले की किरण नीट, पुरेसे दिले तर यातले बरेच रुग्ण खरेच बरे होतात. तेव्हा बहुतेकांना ते पटले नाही. १९५६ मध्ये स्टॅनफर्डच्या हेन्री कॅप्लन यांनी वैद्यकीय लिनियर अ‍ॅक्सेलरेटर वापरात आणला (आडनाव तेच, पण न्यूयॉर्कच्या कॅप्लनशी यांचा घोळ घालू नका). किरण आता खोलवर आणि जोरात जाऊ लागले आणि हॉजकिनचे तरुण रुग्ण पाच, दहा, पंधरा वर्षे जगू लागले. तेव्हा कुठे पुढचा प्रश्न समोर आला. पोटातल्या ग्रंथींसाठी उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात शेक दिला जाई. त्या वायच्या दोन्ही फांद्या बरोबर अंडाशयांवरून जात.

इथे उपाय मॅकॉलच्या अगदी उलट होता. आजूबाजूला ग्रंथी, म्हणून अंडाशये मध्यभागी आणायची, गर्भाशयाच्या मागे टाके घालून ठेवायची आणि वरून शिशाचा जाड ठोकळा धरायचा. रोग किती पसरला हे पाहण्यासाठी त्या काळी पोट उघडून तपासणी करतच, त्याच वेळी हे काम उरकले जाई. १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने याचे अनुभव प्रसिद्ध केले. शिसे असूनही शरीराच्या आतून विखुरलेले किरण अंडाशयापर्यंत पोहोचतच, साधारण दहाव्या हिश्श्याइतके. तरीही अनेकींची पाळी परत आली आणि काहींना पुढे मुलेही झाली.

नंतर एक फेरा उलटला. हॉजकिनवर केमोथेरपी आली आणि औषध रक्तातून सगळीकडे जाते, त्याला शिशाचा ठोकळा अडवू शकत नाही. पण गर्भाशयमुख, गुदाशय आणि ओटीपोटातल्या काही गाठींसाठी शेक आजही लागतोच. १९९० च्या दशकापासून अंडाशय हलवण्याचे काम दुर्बिणीने होऊ लागले. तीन-चार छोटी छिद्रे, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत घरी. शेक त्यानंतर लवकर सुरू करायचा, नाहीतर अंडाशय पुन्हा खाली सरकण्याची भीती असते.

किती किरण म्हणजे जास्त? एडिनबराच्या हॅमिश वॉलेस आणि सहकाऱ्यांनी २००३ आणि २००५ मध्ये त्याचे गणित मांडले. निम्मी बीजे मरायला दोन ग्रेसुद्धा लागत नाहीत. अंडाशय कायमचे बंद पडायला दहाव्या वर्षी साधारण १८.४ ग्रे, विसाव्या वर्षी १६.५ आणि तिसाव्या वर्षी १४.३ ग्रे पुरतात. कोठार जितके रिकामे तितके ते लवकर संपते. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी पाच आठवड्यांत ४५ ते ५० ग्रे देतात. जागेवरचे अंडाशय यातून वाचण्याची आशा जवळपास नसते.

हलवलेलेही प्रत्येकीचे वाचत नाही. बाहेरून शेक घेणाऱ्यांत साधारण तीनातल्या दोघींचे काम चालू राहते. चाळिशीनंतर फारसा उपयोग नाही. आणि अंडाशय वाचले तरी गर्भाशयाला पूर्ण शेक बसला तर ते मूल वाढवण्याच्या अवस्थेत राहत नाही. ब्राझीलच्या रेइतान रिबेइरो यांनी २०१७ मध्ये अंडाशयांसकट आख्खे गर्भाशयच तात्पुरते वरच्या पोटात नेऊन ठेवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती अजून मोजक्याच ठिकाणी होते.

आपल्या घरातला सवाल

मूल होणारच नसेल तर अंडाशय वाचवून काय करायचे, असे माझ्या मेहुण्यांनीही विचारले. आपल्याकडे बाईचे शरीर औलादीच्या हिशेबानेच मोजतात, त्यातलाच हा सवाल. तेविसाव्या वर्षी अंडाशय बंद पडले तर पन्नाशीतले सारे काही तेविशीत येते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, झोप उडते, अंगाची आग होते, नवरा-बायकोच्या संबंधांत वेदना येते. हॉर्मोनच्या गोळ्यांनी यातले बरेच भरून काढता येते, पण त्यासाठीही आधी कुणीतरी सांगायला हवे. मूल हा या यादीतला एक भाग आहे, सगळी यादी नव्हे.

मुलाच्या बाबतीत मात्र मुस्लिम मुलीसाठी स्वतःचे अंडाशय वाचणे जास्तच मोलाचे ठरते. १९८० मध्ये अल-अजहरच्या फतव्याने टेस्ट ट्यूब बेबीला परवानगी दिली ती नवरा-बायकोच्या स्वतःच्या बीजांपुरती. १९९० मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने दुसऱ्या स्त्रीचे अंडाशय बसवणे नाजायज ठरवले. कारण ते नव्या शरीरात गेले तरी पहिलीचाच वंश पुढे नेते आणि नसब, म्हणजे वंशाची ओळख, गढूळ होते. गर्भाशयाला ही अडचण त्यांनी लावली नाही. २००० मध्ये जेद्दाहच्याच एका इस्पितळात एका तरुणीला दुसरीचे गर्भाशय बसवण्याचा प्रयोग झाला, तो ९९ दिवसांनी सोडून द्यावा लागला. सुन्नी उलेमांपैकी बहुतेकांना सरोगसी मान्य नाही, दान केलेले बीजही नाही. म्हणजे आपल्या मुलीला इतरांसारखा ‘मागून पाहू’ हा रस्ता जवळजवळ बंद आहे. जे काही करायचे ते आधी.

आणि ‘आधी’ करण्यासारखे आज बरेच आहे. अंडाशयाचा तुकडा काढून गोठवायचा आणि उपचारानंतर त्याच बाईला परत बसवायचा, ही कल्पना १९९४ मध्ये रॉजर गॉस्डेन यांनी मेंढ्यांवर सिद्ध केली. २००४ मध्ये ब्रसेल्सला जॅक दोने यांच्या रुग्णाला अशा तुकड्यातून मूल झाले. तिला हॉजकिनचा आजार होता. डिसेंबर २०१६ मध्ये लंडनला दुबईच्या एका तरुणीने मुलाला जन्म दिला. तिला थॅलेसेमिया होता आणि अस्थिमज्जा बदलण्याआधी, ती नऊ वर्षांची असताना, लीड्समध्ये तिचे अंडाशय गोठवून ठेवले होते. नऊ वर्षांच्या मुलीच्या आई-वडिलांना तो विचार तेव्हा सुचला! स्वतःचाच अवयव स्वतःच्या शरीरात परत, त्यामुळे नसबचा प्रश्नच नाही.

आता एक गोष्ट जोडून पाहा. अंडाशय हलवण्याचा उपाय १९५८ मध्ये छापून आला. उपचार सुरू होण्याआधी प्रजननशक्तीचा विषय रुग्णापुढे काढावा, अशी मार्गदर्शक सूचना अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने काढली ती २००६ मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षे उपाय होता आणि तो सांगणे हा नियम नव्हता.

बहिणीला मी हे सगळे सांगितले नाही, फक्त विचारायचे चार प्रश्न कागदावर लिहून दिले. ती पुन्हा म्हणाली, तिच्या अब्बांसमोर कसे विचारू? शेवटी मुलीनेच विचारले, अब्बा शेजारी बसलेले असताना. डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, हे आम्हीच विचारायला हवे होते. शेक दहा दिवस पुढे ढकलला आणि दुर्बिणीतून दोन्ही अंडाशये वर नेली. गर्भाशयाला किरण लागणारच, मूल वाढवणे बहुधा जमणार नाही, हेही त्यांनी तिला सरळ सांगितले. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

शेक सुरू होण्याआधीच्या स्कॅनचे चित्र तिने मला मोबाइलवर पाठवले. दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या बरेच खाली, क्लिपांचे पांढरे ठिपके दिसत होते. खाली तिने लिहिले होते, “खाला, त्या आता इथे राहतात.”

शेक संपून आता सात महिने झाले. मधले तीन महिने पाळी आली नव्हती, मग आली. बहिणीने मला ते फोनवर सांगितले ते नेहमीच्या आवाजात, आणि मागे तिचे मियाँ टीव्ही बघत बसले होते.